दोन वेळां कीं दर दोन तासांनीं ?

राजूरहून भोकरदनकडे जातांना वाटेंत केदारखेडा हें गांव लागतें. या गांवांतील पन्नाशीकडे झुकलेली एक गृहिणी श्रोत्यांनीं क्षणभर कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावी. वजन ७८ किलो. दोन वर्षांपासून मधुमेहाची गोळी चालू. तरुणपणीं तिनें शेतांत राबून दिवस काढले. आतां पाणी नळाला येतें, दळण गिरणींतून येतें, आणि उरलेली भाकरी वायां जाऊं नये म्हणून ती हिच्याच पोटांत जाते. पुण्याचा भाचा तिला बजावतो, "मावशी, दिवसांतून दोनदांच जेव, मध्यें कांहीं घेऊं नकोस." छत्रपति संभाजीनगरची सून म्हणते, "आई, उपाशी राहूं नका. दर दोन तासांनीं थोडें थोडें खा, तूपहि सोडूं नका." शेजारीण तर पिशवींतून पावडरीचा डबाच काढून पुढें ठेवते आणि आठवड्यांत सात किलो उतरण्याची हमी देते. तिघेंहि तिच्या हिताचेंच बोलतात, आणि तिघांचें ऐकून ती बिचारी रडकुंडीस येते.

डब्याचा अनुभव तिनें पूर्वीं एकदां घेतला आहे. जेवणाच्या जागीं पावडर घेऊन पंधरा दिवसांत तीन किलो उतरले, आणि दिवाळीपर्यंत चार चढले. "माझाच जिभेवर ताबा नाहीं," असा निकाल तिनें स्वतःविरुद्ध देऊन टाकला. हा निकाल अन्यायाचा आहे. यकृतांत व स्नायूंत शरीर साखरेचा कांहीं सांठा करून ठेवतें, आणि त्या सांठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी धरलेलें असतें. अन्न एकाएकीं तोडलें कीं प्रथम हा सांठा संपतो व त्याचें पाणी बाहेर पडतें. कांटा झरझर खालीं येतो. मेद बहुतांशीं जागच्या जागीं असतो. पुन्हां जेवण सुरू झालें कीं पाणी परत येतें.

हमीचा हिशेब तर शाळेंतील मुलासहि करतां येईल. एक किलो मेदांत अदमासें ७,७०० उष्मांक असतात. सात किलोंचे झाले ५३,९००. दिवसाला २,००० उष्मांक खर्च करणारी बाई सात दिवस निव्वळ पाण्यावर राहिली तरी खर्च होणार १४,०००, म्हणजे दोन किलोंहूनहि कमीच मेद. बाकीचे पांच किलो कोठून आणावयाचे ? लठ्ठपणा घालविण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास आपल्या देशांत १९५४ च्या कायद्यानें मनाई आहे. म्हणूनच कीं काय, पुष्कळसे डबे स्वतःस औषध न म्हणवितां पूरक आहार म्हणवितात.

भाच्याची व सुनेची गोष्ट निराळी. त्यांच्या सल्ल्यामागें विचार आहे. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं मांडलेली व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं घरोघर पोंचविलेली पद्धति अशी कीं, खाल्लें कीं इन्सुलिन स्रवतें आणि तें रक्तांत असेपर्यंत मेद जळण्यास अडथळा होतो. यास्तव खरी भूक लागेल तेव्हां दोनदांच, प्रत्येक वेळीं ५५ मिनिटांच्या आंत जेवावें. याउलट ऋजुता दिवेकर यांच्या २००९ सालच्या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकांत दर दोन तासांनीं थोडें खाण्याचा नियम आहे, कारण फार वेळ उपाशी राहिलेला मनुष्य पुढच्या ताटावर तुटून पडतो. २०१८ च्या सुमारास या दोन मतांवरून मराठी घरांत जेवणाच्या पंक्तींतच तट पडले.

त्याच वर्षीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथील एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ६०९ माणसांचे दोन गट करून एकास स्निग्ध पदार्थ कमी, तर दुसऱ्यास पिष्टमय पदार्थ कमी, असा आहार वर्षभर दिला. सरासरी घट पहिल्या गटांत ५.३ किलो, दुसऱ्यांत ६ किलो. म्हणण्यासारखा फरक नाहीं. मात्र दोन्ही गटांत कोणी खूप उतरले, तर कोणाचें वजन उलट वाढलें. ही कसोटी जेवणांच्या संख्येची नव्हती, हें खरें. पण भाजीपाला भरपूर, आणि साखर व मैदा शक्य तितका कमी, ही सूचना दोन्ही गटांस सारखीच होती.

आणि येथेंच खरी मेख आहे. सल्ला तोंडोतोंडीं फिरतांना त्याचें अर्धें अंग गळून पडतें. दीक्षितांच्या पद्धतींत रोज ४५ मिनिटें चालणें आहे, आरंभीं व पुढें दर तीन महिन्यांनीं रक्ताची तपासणी आहे. भाच्याच्या तोंडीं उरलें तें "दोनदां जेव" एवढेंच. दिवेकरांच्या नियमांत रात्रीचें जेवण सूर्यास्तानंतर दोन तासांच्या आंत उरकणें आहे, श्रमाच्या मानानें आहार कमीजास्त करणें आहे, सुनेच्या तोंडीं उरलें "दर दोन तासांनीं खा." केदारखेड्याच्या बाईनें भाच्याचें ऐकून सकाळची भाकरी बंद केली, गोळी मात्र पूर्ववत् घेतली. तिसऱ्या दिवशीं अकराच्या सुमारास हातपाय थरथरूं लागले, घामानें पातळ भिजलें, आणि ती ओट्याशींच खालीं बसली. ग्लिमेपिराइड जातीची गोळी पोटांत अन्न असो वा नसो, इन्सुलिन स्रवावयास लावतेच. रक्तांतील साखर घसरते, आणि वेळेवर गूळ-साखर न मिळाल्यास शुद्धहि हरपते. एकट्या मेटफॉर्मिननें असें सहसा घडत नाहीं. पण आपल्या पाकिटावर कोणतें नांव आहे, हें तिला कोणीं विचारलेंच नव्हतें, भाच्यानेंहि नाहीं.

सुनेनें फोनवरून सांगितल्याप्रमाणें तिनें साखरेचें पाणी घेतलें आणि दुसऱ्या दिवशीं गोळ्यांचें पाकीट घेऊन ती भोकरदनच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा नव्हता. सकाळीं किती वाजतां काय खातां, हा होता. गोळीची मात्रा व वेळ त्यांनीं बदलून दिली, आणि जेवणें किती हें त्यानंतर ठरलें : न्याहरीची एक भाकरी कायम, चहांतील साखर बंद, संध्याकाळीं गांवाबाहेर अर्धा तास चालणें. चार महिन्यांत अडीच किलो उतरले. परवां शेजारीण पुन्हां आली. या खेपेस तिच्या पिशवींत ग्रीन कॉफी होती.