कॅमेऱ्यांचे पाठभेद

माझ्या घरी येणारा पाहुणा काचेच्या कपाटापाशी थांबतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो. "सर, हे सगळे कॅमेरे तर एकसारखेच दिसतात. मग एवढे कशाला?" प्रश्न रास्त आहे. कपाटात वीस-बावीस जुने कॅमेरे आहेत, आणि दुरून पाहिलं तर एकाच साच्यातून निघालेल्या विटांसारखे दिसतात. पण मी मराठीचा मास्तर. वर्गात पोथ्यांचे पाठभेद शिकवतो. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या दुरून सारख्याच दिसतात. जवळ घेऊन ओळीला ओळ लावली म्हणजे एका पोथीतला शब्द दुसरीत निराळा निघतो, आणि त्या निराळेपणावरूनच कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे कळू लागतं. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही पोथ्यांत शिरलेल्या अपपाठांमुळेच. कॅमेऱ्यांच्या बाबतीत मी तेच करतो, फक्त ओवीच्या जागी स्क्रू आणि खिडक्या ताडून पाहतो.

हे कॅमेरे कोणते, ते आधी सांगतो. यांना रेंजफाइंडर म्हणतात. आपण त्याला अंतरमापक म्हणू. त्याचं तत्त्व आत्ता बसल्या जागी पाहता येईल. हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा जागचा हललेला दिसेल. अंगठा जवळ आणला तर तो जास्त हलतो, लांब नेला तर कमी. म्हणजे दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढता येतं. या कॅमेऱ्याच्या कपाळावर अशाच दोन खिडक्या असतात, एकमेकींपासून काही अंतरावर. आत आरसे किंवा लोलक बसवून दोन्ही चित्रं एकाच ठिकाणी दाखवलेली असतात. भिंग फिरवायला लागलं की एक चित्र सरकतं. दोन्ही चित्रं एकमेकांवर नेमकी बसली की समजायचं, समोरच्या माणसावर नेम बसला.

अशा कॅमेऱ्यांचं मोठं घराणं जर्मनीतल्या वेट्झलर गावी सुरू झालं. तिथल्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. सिनेमाच्या फिल्मवर चित्र घेणारा खिशात मावेल असा कॅमेरा त्यानं १९१४ च्या सुमारास तयार केला. तो लायका या नावानं १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. भिंगाशी जोडलेलं अंतरमापक त्यात १९३२ साली बसलं, आणि त्याच साली ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉननं काँटॅक्स हा प्रतिस्पर्धी उभा केला. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येपूर्वी थोडा वेळ, गांधीजींना भेटलेला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ लायकावरच काम करी.

मूळ ग्रंथ लोकप्रिय झाला की नकला होतातच. युक्रेनमध्ये खारकोव्ह येथे यादवी युद्धात अनाथ झालेल्या मुलांची एक श्रमवसाहत होती. तिथल्या मुलांनी १९३४ पासून लायकाची नक्कल मोठ्या प्रमाणावर काढली. वसाहत ज्याच्या नावानं होती त्या फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्कीची आद्याक्षरं जोडून तिचं नाव पडलं 'फेद'. महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे १९४८ साली 'झोर्की' निघाला. या शब्दाचा अर्थ तीक्ष्ण नजरेचा. काँटॅक्सची यंत्रसामग्री जर्मनीतून उचलून किएव्हला नेण्यात आली आणि १९४७ पासून तिथे 'किएव्ह' कॅमेरे होऊ लागले. जपानात आणि इंग्लंडातही लायकाच्या नकला झाल्या. या साऱ्या नकला आपापल्या नावानं विकल्या गेल्या. त्यांना मी खोट्या म्हणत नाही. लेखनिकानं खाली आपलं नाव घातलेली पोथी खोटी कशी?

पाठभेद शोधायचे ते यांच्यात. फेदच्या टोपणावर संस्थेचं पूर्ण नाव कोरलेलं असे. संस्थेचं नाव जसजसं बदललं, तसतसा मजकूर बदलला, आणि त्यावरून कॅमेऱ्याचं वय ठरतं. झोर्कीच्या वेगाच्या चकतीवर आधी २०, ३०, ४०, ६० असे आकडे होते. पुढे २५, ५०, १००, २५० असे आले. किएव्हच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा वर्ष सांगतात. ५८ असेल तर १९५८. एवढ्याशा फरकापायी लोक आयुष्य घालवतात. मुंबईचे छायापत्रकार दिलीश पारेख १९७७ पासून कॅमेरे जमवत गेले. ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाबद्दल त्यांचं नाव गिनेस बुकात नोंदलं गेलं. त्यांच्यापुढे माझं कपाट म्हणजे सुपापुढची चिमूट.

आता माझ्या फजितीची गोष्ट. छंद नवा होता तेव्हा मुंबईच्या एका जुन्या बाजारात सोनेरी मुलाम्याचा, सापाच्या कातड्यानं मढवलेला कॅमेरा दिसला. वर 'लायका' असं झोकदार अक्षरांत कोरलेलं. अख्खा महिन्याचा पगार मोजला आणि छातीशी धरून सोलापूरची गाडी पकडली. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की लाइट्झनं सोनेरी लायका १९३० च्या आगेमागे केला खरा, पण शंभराच्या आतच. आणि जवळजवळ ते सगळे पहिल्या प्रकारचे, म्हणजे अंतरमापक नसलेले. माझ्या कॅमेऱ्याला तर अंतरमापक होतं! भिंग उतरवून आत पाहिलं. लायकाच्या आत भिंगाला टेकणाऱ्या दांडीच्या टोकाशी लहानसं गोल चाक असतं. फेद-झोर्कीत त्या जागी पाचरीसारखा तुकडा असतो. माझ्यात पाचर होती. कुणीतरी झोर्कीचं मूळ नाव घासून काढून, त्यावर मुलामा देऊन नवं नाव कोरलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

खऱ्या लायकाला मोल भलतंच येतं. बार्नाकच्या स्वतःच्या वापरातला १९२३ चा एक नमुना २०२२ साली वेट्झलरच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. असा भाव असला की नावं कोरणारे निघणारच. गरुडाचं चिन्ह, जर्मन विमानदलाचा शिक्का, बर्लिन ऑलिंपिक, वाटेल ते कोरून मिळतं. तेव्हापासून मी नियम केला: नाव सर्वांत शेवटी वाचायचं.

या नियमाची परीक्षा मुंबईत झाली नाही, आमच्या गावात झाली. माझं गाव वळसंग, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं. एका पारावर मराठी आणि कानडी दोन्ही ऐकू येतात आणि एकाच घरात आजी एका भाषेत रागावते, नातू दुसरीत उत्तर देतो. वडीलधाऱ्या बाईला आम्ही अव्वा म्हणतो. अशा एका अव्वांचे यजमान गावात फोटो काढीत. लग्नं, बारशी, शाळेचे गट, आणि मयताचा शेवटचा फोटोसुद्धा. ते जाऊन काही वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत अव्वांनी मला बोलावून घेतलं.

ट्रंकेतून कापडात बांधलेला कॅमेरा निघाला. "सर, एक व्यापारी येऊन गेला. म्हणाला, रशियन माल आहे, ह्याला कोण विचारतंय. दीड हजार देतो म्हणाला. नातवाची फी भरायचीय. देऊन टाकू का?"

कॅमेरा हातात घेतला. टोपणावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर स्टुडिओचं नाव रंगवलेलं. भिंगावर सरळ रशियन अक्षरं: युपितेर-८. व्यापाऱ्यानं तेवढंच वाचलं असावं. भिंगाचा क्रमांक ६४ नं सुरू होत होता, म्हणजे ते बहुधा १९६४ चं. पण मागच्या बाजूला डोळा लावायच्या दोन खिडक्या अगदी शेजारी-शेजारी होत्या. फेद आणि पहिल्या झोर्कीत त्या दूर असतात. पुढच्या अंगाला मंद वेगाची निराळी चकती होती. तशी चकती झोर्की-३ लाही असते, पण त्याला मागून पाहायची खिडकी एकच. वेगाच्या मोठ्या चकतीखाली बारीक आकड्यांचं आणखी एक कडं, आणि आकडे लाल. माझे हात थोडे कापू लागले. भिंग फिरवून उतरवलं. आत गोल चाक होतं.

झालं होतं ते असं. लायका, फेद, झोर्की या सगळ्यांच्या भिंगाचे आटे ३९ मिलिमीटरचे. याचं भिंग त्याच्यावर चढतं. मूळ भिंग कधीतरी पडून फुटलं असावं आणि फोटोग्राफरनं मिळेल ते रशियन भिंग बसवलं. पोथीचं पहिलं पान फाटावं आणि कुणी दुसऱ्या हातानं लिहून जोडावं, तसं. पहिलंच पान वाचणारा फसतो. मागची पानं जुन्याच हातची होती: लायका तीन-एफ, लाल आकड्यांचा. लाल आकडे १९५२ पासूनचे. १९५४ साली त्यात आपोआप टिपणारी कळ आली, ती यावर नव्हती. म्हणजे मधल्या दोन वर्षांचा.

श्रोतेहो, इथे एक कबुली देतो. माझ्या कपाटात हा कॅमेरा नव्हता. अव्वांनी दीड हजारांचा आकडा स्वतःच्या तोंडानं सांगितला होता. मी दोन हजार पुढे केले असते तर त्यांनी मला दुवाच दिला असता. "हो, भिंग रशियनच आहे," एवढं म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. अव्वा चहा आणायला आत गेल्या, तेवढा वेळ मी गप्प बसून हा हिशेब करत होतो. मुंबईत मला सोनेरी डबा विकणाऱ्यानंही कदाचित असाच हिशेब केला असेल. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच उरला होता की तो नसलेलं नाव कोरून मोकळा झाला होता आणि मी असलेलं नाव चिकटपट्टीखाली झाकून ठेवणार होतो.

चहा आला तसं सांगून टाकलं. "अव्वा, हा दीड हजाराचा नाही. याच्या कितीतरी पट मोलाचा आहे. आज कुणालाच देऊ नका. मलाही नाही."

त्यांना आनंदापेक्षा संशयच जास्त आला. "मग भिंगावर रशियन कसं? हा खरा का खोटा?" मी म्हटलं, "अंग जर्मन आहे, डोळा रशियन आहे. दोन्ही खरे आहेत." मग ती चिकटपट्टी कोमट पाण्यानं भिजवून हळूहळू काढली. खाली नाव होतं. पण मला त्या नावाची गरज उरलेली नव्हती.

पुढे त्यांच्या मुलानं पुण्या-मुंबईच्या जाणकारांना दाखवून कॅमेरा रीतसर विकला. फी भरली गेली. माझ्या कपाटात ती जागा अजून रिकामी आहे आणि जाता-येता थोडी सलतेही. नाही असं म्हणणं लबाडीचं होईल.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत असा एखादा जुना कॅमेरा असेल तर चार गोष्टी पाळा. चमकवायला म्हणून घासू नका; झिजलेली कड हीसुद्धा खूण असते. भिंगाचा क्रमांक आणि अंगाचा क्रमांक वेगवेगळे लिहून ठेवा, कारण दोघांचं जन्मस्थान निराळं असू शकतं. कुणी घेतला, कुठून घेतला, हे घरातलं म्हातारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. आणि विकायचाच झाला तर एकाच्या शब्दावर विकू नका, मग तो एक जण माझ्यासारखा मास्तर का असेना.

जाताना अव्वांनी ती स्टुडिओच्या नावाची चिकटपट्टी मागून घेतली. वाळवून देवघरातल्या पोथीत ठेवली आहे, असं परवा गावी गेलो तेव्हा कळलं.