मजुरी मागायला लाज कसली?

(चिंचवड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत आजचा विषय ‘भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार’ असा छापला आहे. करारावर मी बोलणारच आहे. पण मी एक आग्रह मनात धरून आले आहे, तो आधीच सांगून टाकते. ज्यांनी जर्मनीत नोकरी केली, ज्यांच्या पगारातून तिथं दर महिन्याला पेन्शनचे पैसे कापले गेले, त्यांनी ती पेन्शन मागितली पाहिजे. आणि भरलेले पैसे एकरकमी परत घेऊन खातं बंद करू नये. माझं सगळं आयुष्य जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करण्यात गेलं. त्या कागदांतून जे पाहिलं, त्यातून हा आग्रह आला आहे.

बिस्मार्कनं १८८९ मध्ये म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा केला, १८९१ पासून तो लागू झाला, निम्मे पैसे कामगाराचे आणि निम्मे मालकाचे, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. आजही तत्त्व तेच आहे. पगाराच्या १८.६ टक्के रक्कम जाते, ९.३ तुमची आणि ९.३ कंपनीची.

आता या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळ जण पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या कारखान्यांत आयुष्य काढलेले आहेत. बजाज टेम्पो, केएसबी पंप्स ही नावं या पट्ट्यात कुणाला परकी नाहीत. आणि आता हिंजवडीतली मुलं तीन-चार वर्षं म्युनिकला, स्टुटगार्टला राहून परत येतात. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा, की मी तिथं होतो तेव्हा पगार कोण देत होतं? इथल्या कंपनीनं पाठवलं असेल आणि ईपीएफओचं प्रमाणपत्र घेऊन गेला असाल, तर तिथली कपात झालेलीच नाही. करारानं अशा माणसाला साधारण ४८ महिने तिथली वर्गणी माफ आहे. त्याची तिथं पेन्शन नाही, त्यानं वाट पाहू नये. पण जर्मन कंपनीशी करार करून तिथला पगार घेतला असेल, तर पगाराची चिठ्ठी काढून बघा. कपात दिसेल.

पेन्शनला किमान ६० महिन्यांची वर्गणी लागते. इथं लोक हिरमुसतात, कारण अनेकांची चार वर्षंच झालेली असतात. करार कामाला येतो तो इथं. १ मे २०१७ पासून तो लागू आहे. तिथले महिने आणि इथले पीएफचे महिने एकत्र मोजतात. तिथली चार वर्षं आणि इथलं एक वर्ष मिळून साठ महिने झाले. पैसे मात्र जर्मनी चारच वर्षांचे देणार, ते योग्यच आहे. हे उलट्या बाजूनंही चालतं. इथल्या ईपीएस पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, तिच्या हिशेबात तिथले महिने धरता येतात. अर्ज आपल्या भविष्य निधी कार्यालयामार्फत करता येतो. अर्जाला फी नाही. फी नाही, हे पुन्हा सांगते, कारण मध्यस्थ फार झाले आहेत.

वयाचं सांगते. १९६४ मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांना ६७. त्याआधीच्यांना थोडं अलीकडे. १९५८ वाल्यांना ६६.

आणि वय म्हटलं की आपल्याकडची १ जून आलीच! (हशा) हसू नका, हे फार गंभीर आहे. इथं हात वर करायला सांगितले तर निम्म्या सभागृहाची जन्मतारीख १ जून निघेल. (मोठा हशा, अनेक हात वर) गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी लिहिली ती. जर्मन कायदा असा, की पेन्शन खात्याला तुम्ही पहिल्यांदा जी जन्मतारीख सांगितली, ती कायमची. पुढं शपथपत्र करा, गॅझेट करा, चालत नाही. लिहिण्यातली चूक असेल किंवा त्याहून जुना कागद दाखवता आला, तरच बदलते. आणि ही तारीख तुमच्या विमा क्रमांकातच गुंफलेली असते. बारा जागांचा तो क्रमांक आहे. पहिले दोन आकडे कार्यालयाचे, पुढचे सहा जन्मतारखेचे, मग एक अक्षर, मग दोन आकडे, शेवटी पडताळणीचा एक. अक्षर असतं ते जन्माच्या आडनावाचं. म्हणजे बाईचं लग्न होऊन आडनाव बदललं तरी अक्षर माहेरचंच राहतं. अक्षरानंतरचे दोन आकडे ५० ते ९९ मधले असले तर ती बाई, खालचे असले तर पुरुष.

यावरून एका बाईंची गोष्ट सांगते. थोडक्यात सांगणार होते, पण सांगतेच.

निगडीच्या एक आजी माझ्याकडे आल्या. यजमान टूलरूमचे कारागीर. १९६९ मध्ये स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात गेले, सहा-सात वर्षं राहिले, आईवडिलांसाठी परत आले. त्यांच्याबरोबर आणखी काही मराठी मुलं होती. परतल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपापला हिस्सा काढून घेतला. कुणी स्कूटर घेतली, कुणी बहिणीचं लग्न केलं. यांनी काढला नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, फॉर्म भरायचा राहून गेला. ते २००९ मध्ये ६५ चे झाले. आजी म्हणाल्या, “अहो, एक पत्र तरी टाका.” तर यजमान म्हणाले, “सोडलेल्या देशाकडे चार पैशांसाठी हात पसरायचा? आपल्याला काय कमी आहे?” स्वाभिमानी माणूस. दोन वर्षांनी ते गेले. आजी पुढं आठ वर्षं गप्प बसल्या, कारण नवऱ्यानं नाही म्हटलं होतं. २०१९ मध्ये नातवानं ट्रंकेतले कागद काढले आणि त्या माझ्याकडे आल्या.

विमा क्रमांक कुठंच सापडेना. कार्ड नाही. पत्रव्यवहारावर जुन्या संस्थेचं नाव, एलव्हीए. अशा सगळ्या जुन्या संस्था २००५ मध्ये एकाच नावाखाली आल्या, डॉइच रेंटनफरझिखरुंग, पण आजींना ते कुठून ठाऊक असणार? पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, गुलाबी, पातळ कागदाच्या, घडीवर विरलेल्या. एका चिठ्ठीच्या कोपऱ्यात कार्बनची फिकी ओळ होती. भिंगाखाली धरली. दोन आकडे, आणि पुढं शून्य एक, शून्य सहा, चार चार. १ जून १९४४! (हशा, टाळ्या) पुढं त्यांच्या आडनावाचं अक्षर. क्रमांक सापडला.

पण मृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारीख होती नोव्हेंबरची. यजमानांनी एलआयसीच्या वेळी खरी तारीख सिद्ध करून घेतली होती, आणि आजींचा खऱ्या तारखेचाच हट्ट, कारण दरवर्षी त्या दिवशी त्या औक्षण करायच्या. जर्मनीतून विचारणा आली, की हे दोघे एकच कशावरून? मग आम्ही गावच्या शाळेत माणूस पाठवला. शाळा सोडल्याचा दाखला आणला, भाषांतर केलं, नोटरी केली. त्या दाखल्यावर १ जून आणि आईचं नाव, दोन्ही होतं. त्यावर सगळं जुळलं.

आजींना पेन्शन मंजूर झाली. त्यांच्यासारख्या जुन्या लग्नांत, म्हणजे २००२ च्या आधी लग्न आणि दोघांपैकी एकाचा जन्म २ जानेवारी १९६२ च्या आधीचा असेल तर, नवऱ्याच्या पेन्शनच्या ६० टक्के विधवेला मिळतात. नव्या नियमात ५५. मागची थकबाकी किती मिळाली? विधवेच्या अर्जाला मागचे बारा महिने मिळतात. तेवढेच. आधीची सात वर्षं गेली. आणि यजमानांनी हयातीत स्वतः अर्ज केला नव्हता, म्हणून त्यांच्या त्या दोन वर्षांचा एक युरोही आला नाही.

हात पसरणं? मला या शब्दांचा राग येतो. त्या माणसानं लेथवर उभं राहून जे कमावलं, त्यातला भाग तिथल्या म्हाताऱ्यांना महिन्याच्या महिन्याला दिला गेला, आणि कायद्यानं लिहून ठेवलं की तुझं म्हातारपण आलं की तुला मिळेल. ही त्याची मजुरी आहे. उशिरा द्यायची ठरलेली मजुरी. ती मागण्यात कमीपणा कसला? (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पंधरा मिनिटं उरली म्हणतात. आणि दुसरीही एक चिठ्ठी आहे, पुढच्या रांगेतून. “मी बँकेत होतो. हिस्सा काढून मुदत ठेवीत ठेवला तर जास्त होईल. आपला हिशेब चुकतो आहे.” हा प्रश्न मी टाळणार नाही. (हशा)

हिशेब असा. वर्षभर तिथल्या सरासरीइतका पगार घेतला की एक पॉइंट. २०२५ साठी ही सरासरी सुमारे ५०,५०० युरो धरली आहे. जुलै २०२५ पासून एका पॉइंटची पेन्शन दरमहा ४०.७९ युरो. चार वर्षांची झाली १६३ युरो. परतावा घेतला तर फक्त तुमचा निम्मा हिस्सा मिळतो, मालकाचा नाही, व्याज नाही, आणि तोही नोकरी सुटून २४ महिने झाल्यावर. या आकड्यांनी चार वर्षांचे साधारण १८,८०० युरो. म्हणजे पेन्शन सुरू झाल्यावर साडेनऊ-दहा वर्षांत तेवढे पैसे हातात येतात, पुढचं सगळं वर. तुम्ही म्हणाल, ठेवीवर पस्तीस वर्षांचं व्याज? बरोबर आहे, कागदावर ते मोठं दिसतं. पण पॉइंटही जागेवर थांबत नाही. पश्चिम जर्मनीत २०१४ मध्ये तो २८.६१ युरो होता. तो तिथल्या पगारांबरोबर वाढतो, मरेपर्यंत मिळतो आणि मागं राहणाऱ्या जोडीदाराला मिळतो. आणि साहेब, मला एक सांगा, बत्तिसाव्या वर्षी हातात आलेले पंधरा-वीस लाख सदुसष्टाव्या वर्षापर्यंत ठेवीत ठेवलेला माणूस आपण किती पाहिलेत? ते फ्लॅटच्या डाउन पेमेंटला जातात. फ्लॅट घेणं वाईट नाही. पण परतावा घेतला की ते महिने कायमचे पुसले जातात, करारही ते परत मोजत नाही. (पुढच्या रांगेतून: “तरी मला पटत नाही!”) नसू दे पटत. निर्णय ज्याचा त्याचा. फक्त घरी बायकोला विचारून घ्या, कारण पेन्शन बहुधा तिच्या वाट्याला जास्त वर्षं येणार आहे. (टाळ्या, विशेषतः महिलांकडून)

महिलांचा विषय निघालाच आहे. तिथं राहून मूल वाढवलं असेल, तर त्या आईच्या खात्यावर वर्षं जमा होतात, तिनं नोकरी केली नसली तरी. १९९२ पासून जन्मलेल्या मुलामागे तीन वर्षं. दोन मुलं म्हणजे ६० महिने त्यातच पूर्ण होतात. तिथला मुक्काम कायदा कसा धरतो, निवासाचा परवाना कोणता होता, हे पाहतात. म्हणून मुलांचे जन्मदाखले आणि जुने पासपोर्ट फेकू नका. नवरा ऑफिसात आणि आपण घरात, म्हणून आपलं तिथं काही नाही, असं समजणाऱ्या बायकांना हे कुणी सांगतच नाही. खरं तर यावरच एक संध्याकाळ हवी होती.

इतर देशांचं धावतं सांगते, चिठ्ठ्या बऱ्याच आहेत. ब्रिटनला नव्या नियमानं किमान दहा वर्षं लागतात, आणि भारतात राहणाऱ्याची तिथली पेन्शन सुरू झाली त्या रकमेवर गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. अमेरिकेत चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षं. आपला त्यांच्याशी असा करार नाही. एच-वन-बीवर सहा वर्षं राबून परत आलेल्या मुलाचे कापलेले पैसे तिकडेच राहतात. हा अन्याय आहे, आणि आपल्या सरकारनं तो करार होईपर्यंत मागं लागलं पाहिजे. आखाती देशांत परक्या कामगाराला बहुतेक ठिकाणी पेन्शन नाही, नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते. तिचे कागद वेगळे.

करावर मी बोलत नाही, तो सीएचा प्रांत. पेन्शन चालू झाल्यावर एकच गोष्ट दरवर्षी करायची, हयातीचा दाखला. जर्मन टपाल खात्याची पेन्शन सेवा फॉर्म पाठवते. बँकेचा किंवा नोटरीचा शिक्का घेऊन तो परत धाडायचा. नाही धाडला तर पैसे थांबतात.

अध्यक्ष उभे राहिले, मी संपवते. घरी गेल्यावर पगाराच्या चिठ्ठ्या, जुना पासपोर्ट, शाळेचा दाखला एका फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल कुठं आहे हे घरच्यांना सांगा. जर्मन पेन्शन खात्याला पत्र लिहून आपल्या खात्याचा उतारा मागवा, तो फुकट मिळतो. ज्यांचं वय झालं आहे त्यांनी तर थांबूच नये. वय भरल्यावर थांबलं तर महिन्याला अर्धा टक्का वाढवून देतात हे खरं, पण गेलेल्या महिन्यांचे पैसे देत नाहीत. वय पूर्ण होऊन तीन महिने उलटले, की पुढं अर्ज ज्या महिन्यात पोचेल त्याच महिन्यापासून पेन्शन धरतात. आज २८ एप्रिल आहे. भविष्य निधी कार्यालय उद्या उघडं आहे.