फाटकाबाहेरचा आराखडा

ईरई-झरपटच्या काठी वसलेल्या चंद्रपूर या गोंडकालीन नगरीत ही परिषद भरते आहे. स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचा गौरव गावा असा प्रघात आहे. परकोट, महाकालीचे देऊळ आणि ताडोबातले वाघ आपण सवडीने पाहालच. मला बोलायचे आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीविषयी.

रासायनिक धोका म्हटला की तारापूर, लोटे, डोंबिवली ही नावे आठवतात. चंद्रपूर-गडचिरोलीचे नाव कोणी घेत नाही. आपल्याकडे कोळसा आहे, वीज आहे, सिमेंट, कागद आणि लोखंड आहे. रसायनांचे कारखाने कुठे आहेत, असे विचारले जाते. पण २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र चालवायचे तर पाणी शुद्ध करणारी रसायने लागतात आणि मोठी जनित्रे थंड ठेवायला हायड्रोजन लागतो. कागदाचा लगदा पांढरा करायला क्लोरीन किंवा त्याची संयुगे लागतात. कोळशाच्या खाणीत सुरुंगासाठी अमोनियम नायट्रेट येते. घुग्घुसला आणि आता कोनसरीला स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत. त्यांत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना रंग, ना वास. यांपैकी एकही उद्योग स्वतःला रासायनिक म्हणवत नाही, म्हणूनच काळजी करावीशी वाटते. भिलाई आपल्यापासून फार दूर नाही. तिथे १२ जून २०१४ रोजी पाण्याची वाहिनी फुटली, दाब उतरला, झोतभट्टीचा वायू पंपहाउसमध्ये शिरला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. पोलादाच्या कारखान्यात निमित्त घडले ते पाण्याच्या वाहिनीचे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, धोक्याची माहिती कारखान्याच्या फाटकाआत अडकून राहिली तर तोच अर्धा अपघात असतो. हे नवे नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइडविषयी पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून लिहीत होते. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या वायुगळतीच्या रात्री मात्र कुठल्या दिशेला पळावे हे वस्तीला ठाऊक नव्हते. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणममध्ये स्टायरीन गळले, तेव्हा कारखान्यात भोंगा होता, पण तो वाजवला गेला नाही, असे चौकशी समितीला आढळले. भोपाळनंतर आपण कायदे केले. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांतला पंधरावा नियम सांगतो की, मोठ्या अपघाताची झळ पोहोचू शकेल अशा लोकांना धोक्याचे स्वरूप आणि काय करावे, काय करू नये हे कारखानदाराने थेट किंवा जिल्ह्याच्या आपत्कालीन यंत्रणेमार्फत कळवले पाहिजे. त्याच नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली संकट गटही नेमले. म्हणजे कागद पुरेसे आहेत. अडचण आहे ती हे कागद शहरी वस्ती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात, ही.

आपल्या भागात काय घडेल ते पाहू. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो. तो नाल्यात, बोडीत, खोलगट शेतात साचतो. संकट आले की नाल्याकडे, झाडीकडे धावायची सवय असलेल्या माणसासाठी ती दिशा घातक ठरू शकते. त्याने वाऱ्याला आडवे आणि उंचावर जायला हवे. पुस्तकातला सल्ला असतो की दारेखिडक्या लावून घरातच थांबा. सिमेंटच्या वसाहतीत तो ठीक आहे. कुडाच्या भिंती आणि कवेलूच्या छपराचे घर वायू अडवू शकत नाही. तालीम सकाळी अकराला घ्याल, तर मोहाच्या दिवसांत गाव पहाटेपासून जंगलात असते आणि मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी. भोंगा जिथवर ऐकू जात नाही, तिथे माणसे असतात. थंडीच्या पहाटे हवा जमिनीलगत गोठल्यासारखी असते तेव्हा वायू लवकर विरत नाही, आणि चंद्रपूरचा उन्हाळा टाक्यांतला दाब किती वाढवतो हे इथल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. त्यात भाषेची गोष्ट. गडचिरोलीत मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू बोलली जाते, आणि चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगालीही. नुसती इंग्रजी सूचना लावून कोणते कर्तव्य पार पडले?

गावांना धोक्याची माहिती द्या म्हटले की पहिला आक्षेप येतो तो घबराटीचा. लोकांना सांगितले तर गोंधळ उडेल. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी ताडोबाभोवतीच्या गावांकडे पाहायला सांगेन. अमुक शिवारात वाघ फिरतो आहे, असे वनविभाग कळवतो. त्यामुळे गावे ओस पडत नाहीत. लोक जमावाने जातात, पहाटे एकटे जात नाहीत, आणि गावातलीच प्राथमिक प्रतिसाद दलाची मुले पुढे होतात. धोका ठाऊक असणे आणि घाबरणे यांत फरक असतो, हा अनुभव या जिल्ह्यांना पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गडचिरोलीने सशस्त्र हिंसा पाहिली आहे. स्फोटके आणि विषारी वायूंच्या साठ्याची माहिती खुली करणे धोक्याचे नाही का? आहे. म्हणून कुलूप कुठे, साठा किती, पहारा केव्हा बदलतो हे सांगायचे नाहीच. गावाला हवे आहे ते एवढेच: वास कसा असतो, किंवा असतच नाही, डोळ्यांना आणि घशाला काय होते, वारा पाहून कुठे जायचे, पहिला फोन कोणाला करायचा, आरोग्य केंद्रात ऑक्सिजन आहे का. यांतून कोणाचाही घातपात साधत नाही. राहता राहिला तो अडाणीपणाचा आक्षेप, त्याला उत्तर देणे मला थोडे अपमानास्पदच वाटते. लेखा-मेंढाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि पुढे बांबूचा व्यवहार स्वतः केला. ज्या ग्रामसभा असे हिशेब ठेवतात, त्यांना क्लोरीनविषयीचे एक पान समजणार नाही?

उद्योगांच्या बाजूनेही एक अडचण खरी आहे. दहा टनांच्या आतला क्लोरीनचा साठा मोठ्या अपघाताच्या नियमांतून बहुतांशी सुटतो. पण नळयोजनेच्या जलशुद्धीकरण केंद्रातला एक टोनर, म्हणजे क्लोरीनचा मोठा सिलिंडर, ९०० किलोंचा असतो आणि गळतीला नियमातला आकडा कळत नाही. मग फक्त मोठ्यांवर बोट का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. नगरपालिकांनीही याच परिषदेत बसून उत्तर द्यावे. आणि कंत्राटी कामगाराला विसरू नका. झडपा दुरुस्त करायला, टाकी धुवायला तोच उतरतो आणि त्याचा ठेकेदार दरवर्षी बदलतो.

कामगार दिनी, १ मे रोजी, ग्रामसभा भरते. तेंदूपत्त्याचा हंगाम तेव्हा तोंडावर असतो. पंधराव्या नियमाचे पान त्या दिवशी कारखान्यांलगतच्या ग्रामसभांपुढे वाचले जावे, असा मसुदा आज दुपारच्या सत्रात चर्चेला ठेवला आहे. तो गावकऱ्यांनीच आधी वाचावा आणि जिथे कळणार नाही तिथे खूण करावी. अधिकारी आणि अभियंत्यांनी त्या खुणांची उत्तरे द्यावीत, ही विनंती करून मी परिषदेच्या अध्यक्षांना सभेची सूत्रे हाती घेण्यासाठी आमंत्रित करतो.