बारा, चोवीस की अठ्ठेचाळीस?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. कारण उघड आहे. आपल्या बॅचमधले तिघेजण निवृत्तीनंतर जुनी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर करायचं म्हणताहेत. कोकण, मग कर्नाटक, जमलं तर लडाख. टपावर सोलर, आत बॅटरी, पंखा, फ्रीज. गेले चार महिने आपल्या ग्रुपवर एकच वाद चाललाय: बॅटरी बारा व्होल्टची, चोवीसची की अठ्ठेचाळीसची? एका दुकानदाराने बारा सांगितलं, दुसऱ्याने अठ्ठेचाळीस, आणि दोघांच्या कोटेशनमध्ये मोठा फरक. पैसे निवृत्तीचे आहेत, म्हणून हे नीट बोलायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करू. व्होल्टेज वाढवलं म्हणून बॅटरीत जास्त वीज साठत नाही. १०० अँपिअर-तासांच्या दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या घ्या. शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल जोडल्या तर १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तास. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या तर २४ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. दोन्हीकडे गुणाकार २,४०० वॅट-तासच. शिधा तितकाच आहे, डबा बदलला इतकंच.

मग फरक कशात पडतो? वायरमध्ये. विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहिलेली दोन सूत्रं आठवा. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. आणि वायरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज म्हणजे अँपिअरचा वर्ग गुणिले रोध. तो ‘वर्ग’ महत्त्वाचा. व्होल्टेज दुप्पट केलं की त्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो आणि तोटा एक-चतुर्थांश होतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपण रोज विठ्ठलवाडी स्टेशनच्या फलाटावरून पाहत आलो. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे १९२९-३०च्या सुमाराला कल्याणच्या पुढे पुण्याकडेही हीच वीज गेली. तिच्यासाठी ठाकुर्लीला चोळ्याचं पॉवर हाऊस उभं राहिलं. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील रेल्वेतच होते, त्यांना हे सांगायला नको. नंतर गाड्या लांब झाल्या, जड झाल्या, वाढल्या. १५०० व्होल्टवर प्रवाह प्रचंड लागायचा, म्हणून वरच्या तारा जाड आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन. शेवटी रेल्वेने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारलं आणि २०१६ पर्यंत मुंबईच्या लोकल मार्गांवरचं १५०० व्होल्टचं युग संपलं. त्याच ताकदीला प्रवाह सोळा-सतरा पट कमी. रेल्वेने जे मोठ्या प्रमाणावर केलं, तोच हिशेब आपल्याला दहा-पंधरा फुटांच्या गाडीत करायचा आहे.

आता आकडे घेऊ. बॅटरीपासून मागच्या पंखा-फ्रीजपर्यंत चार मीटर अंतर आहे, जायची-यायची मिळून आठ मीटर वायर. वायर तांब्याची, ६ चौरस मिलिमीटर. तिचा रोध मीटरला साधारण ३ मिलिओहम. २४० वॅटचा लोड असेल तर बारा व्होल्टवर २० अँपिअर. वाटेत सुमारे अर्धा व्होल्ट गळतो आणि जवळपास १० वॅट वायरच खाते. चोवीस व्होल्टवर १० अँपिअर, पाव व्होल्ट, अडीच वॅट. अठ्ठेचाळीसवर अर्ध्या वॅटच्या आसपास.

दहा वॅट म्हणजे काही फार नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण हे जाड वायरचं गणित झालं. घरातल्या दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढून दिली, अंतर पाच मीटर, आणि तिच्यावर ५ अँपिअर ओढणारा फ्रीज असला, तर वाटेत ०.६ व्होल्ट जातो. पहाटे बॅटरी १२.२ व्होल्टवर आलेली असते, फ्रीजला मिळतात ११.६. कॉम्प्रेसर सुरू होताना आणखी खाली. फ्रीजमधलं कमी-व्होल्टेज संरक्षण त्याला बंद करतं. बॅटरीत वीज शिल्लक आहे, पण फ्रीज बंद. आता आपल्या वयाचा विचार करा. त्या फ्रीजमध्ये नुसतं दूध नसतं, कुणाचं तरी इन्सुलिन असतं आणि न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. सिंधुदुर्गातल्या एखाद्या आडगावात रात्री तीनला वायर बारीक निघणं परवडणारं नाही.

मग सरळ अठ्ठेचाळीसच घ्यावं का? नाही. आपल्याला काय चालवायचं आहे, हे आधी कागदावर लिहा. मी एक नमुना करून आणला आहे.

पाच वॅटचे चार दिवे, पाच तास: १०० वॅट-तास. २५ वॅटचा बीएलडीसी पंखा, दहा तास: २५०. ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रीज, दिवसात एकूण दहा तास चालला तर ४५०. झोपेतल्या श्वासाचं सीपॅप यंत्र, ४० वॅट, आठ तास: ३२०. ६० वॅटचा पाण्याचा पंप, अर्धा तास: ३०. मोबाईल वगैरे ५०. बेरीज १,२०० वॅट-तास. सगळं एकदम चालू केलं तरी सव्वादोनशे वॅटच्या आत, म्हणजे बारा व्होल्टवर १८-१९ अँपिअर. याला बारा व्होल्ट पुरतं. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे २,५६० वॅट-तास, दोन दिवसांची सोय. टपावर ४०० वॅटचं पॅनेल उन्हाळ्या-हिवाळ्यात हा खर्च भरून काढतं. पावसाळ्यात निम्मंही मिळेल असं धरू नका.

बारा व्होल्टचा दुसरा फायदा गावात कळतो. व्हॅनची स्वतःची वीज बहुधा बाराच असते. दिवा, पंप, फ्यूज, पंखा, सगळं कुठल्याही तालुक्याच्या गावात मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. अठ्ठेचाळीसचा पंप तिथे कोण देणार?

हिशेब बदलतो तो स्वयंपाकाने. १,२०० वॅटची इंडक्शन शेगडी घ्या. इन्व्हर्टरमधली दहा टक्के घट धरली तर बॅटरीकडून १,३३० वॅट लागतात. बाराला १११ अँपिअर, चोवीसला ५६, अठ्ठेचाळीसला २८. एकशे अकरा अँपिअर म्हणजे बोटाएवढ्या जाडीची केबल, पक्के क्रिम्प केलेले लग्ज आणि एक जरी नट सैल राहिला तर तिथेच तापून प्लास्टिक वितळणार. आपल्या घरच्या इन्व्हर्टरलाही हेच दिसतं. लहान इन्व्हर्टरला एक बॅटरी, मोठ्याला दोन सिरीजमध्ये. कंपन्या उगाच तसं करत नाहीत.

म्हणून माझा अंदाज असा. गॅसवर स्वयंपाक, लोड एक हजार वॅटच्या आत, लहान व्हॅन: बारा व्होल्ट. इंडक्शन, मिक्सर, एक ते तीन हजार वॅट, किंवा मूळ गाडीच बस अथवा ट्रकच्या जातीची: चोवीस, कारण एसटी आणि ट्रकची वीज मुळात चोवीसचीच असते. एअर कंडिशनर आणि तीन हजारांच्या वर: अठ्ठेचाळीस. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस घेतलं तर दिवे-पंपासाठी बाराचा कन्व्हर्टर बसवा. दोन सिरीज बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्ट काढू नका. ती एकटी रिकामी होत जाते आणि जोडीचा मेळ बिघडतो.

पॅनेलचाही विचार हवा. एमपीपीटी चार्ज कंट्रोलर त्याच्या अँपिअरवर विकला जातो. ३० अँपिअरचा कंट्रोलर बाराच्या बॅटरीला चारशे वॅटच्या आसपास पॅनेल सांभाळतो, चोवीसला तोच दुप्पट. पण पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा चांगलंच वर असावं लागतं. लहान टपावर एकच पॅनेल मावत असेल, तर अठ्ठेचाळीसची बॅटरी त्याने भरणारच नाही.

आता सुरक्षिततेचं. डीसीची ठिणगी एसीपेक्षा हट्टी असते. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती मिळत नाही. म्हणून घरचा एसी एमसीबी इथे लावायचा नाही, डीसीचाच घ्यायचा. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज पंख्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. तो वारंवार उडाला तर कारण शोधा, मोठा फ्यूज घालू नका. गाडीच्या अल्टरनेटरला लिथियम बॅटरी थेट जोडू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, नाहीतर अल्टरनेटर तापून जळतो. आणि गाडीत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. विम्याचा दावा करायची वेळ आली की हा कागद आठवतो.

आपल्या तिघा प्रवाशांना एवढंच सांगतो: दुकानात जाण्याआधी यादी करा. रात्री काय चालणार, एकाच वेळी काय चालणार, आणि स्वयंपाक गॅसवर की विजेवर. या तीन उत्तरांनंतर व्होल्टेज जवळजवळ आपोआप ठरतं. तिघांनीही गॅसवर स्वयंपाक करायचं म्हटलंय, म्हणजे माझं मत बाराला. वायर मात्र जाड घ्या, तिथे काटकसर नको. यादी घेऊन जेवणाच्या सुट्टीत या, मी कॅल्क्युलेटर आणला आहे.

सर, सूत्रं तुमची. हिशेबात कुठे चुकलं असेल तर फळ्याजवळ बोलवा, येतो.