कडू-गोडाची पारख



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून राजापेठेतील काही मंडळींनी नाके मुरडली असतील, तर त्यात त्यांचा काही दोष नाही. ज्या शहरात गाडगेबाबांची समाधी आहे, ज्या जिल्ह्यात मोझरीचे गुरुकुंज आहे, आणि वर्धा नदी ओलांडताच ज्याच्या शेजारी दारूबंदीचा जिल्हा लागतो, तेथे बिअरच्या चवीवर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. म्हणून प्रथमच सांगून टाकतो, की आम्ही येथे कोणत्याही पेयाची शिफारस करायला उभे राहिलेलो नाही. गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून दारूविषयी जे बजावले, त्यातला एक शब्दही खोडण्याजोगा नाही. मद्याचे निर्धोक म्हणावे असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट केले आहे. आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याने मद्यपानाला परवाना लागतो आणि वयाची अटही आहे. हे सर्व ध्यानात ठेवूनच आम्ही बोलणार आहोत. आमचा विषय पिणे हा नाही. आमचा विषय पारख हा आहे.

पारख म्हणजे काय, हे अमरावतीकरांना शिकवण्याची गरज नाही. हे शहर कापसाच्या बाजारावर वाढले. जुना पारखी रुईचा लहानसा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरी, ओढी, पुन्हा जुळवी, तंतू एका रेषेत आणी आणि त्यांची लांबी नजरेने मोजी. हा कापूस मला आवडला, असे तो म्हणत नसे. तंतू केवढा आहे, कचरा किती आहे, ओल आहे की नाही, एवढे तो सांगे, आणि त्यावर भाव ठरे. आवड ही ज्याची त्याची असते. पारख मात्र दुसऱ्याला पटवून द्यावी लागते. आता हाच न्याय आपण एका परक्या पेयाला लावून पाहू.

ते पेय म्हणजे बॉक बिअर. जर्मनीच्या उत्तर भागात आइनबेक नावाचे गाव आहे. मध्ययुगात तेथील बिअर दूरदूरच्या बाजारांत जात असे. दक्षिणेकडे म्युनिकच्या दरबारात तिला इतकी मागणी झाली, की सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथील राजाश्रयाच्या भट्टीने आइनबेकचा कारागीरच आणवला. म्युनिककरांच्या बोलीत आइनबेकचे नाव झिजत झिजत 'आइन बॉक' असे झाले. जर्मन भाषेत 'आइन बॉक' म्हणजे एक बोकड! तेव्हापासून या बिअरच्या बाटलीवर बोकडाचे चित्र येऊन बसले. बॉक आणि बोकड यांच्या ध्वनिसाम्यावरून मात्र कोणी व्युत्पत्ती काढू नये; आम्ही ते केवळ गंमत म्हणून सांगितले.

बिअरचे घटक मोजून चार. जव भिजवून, कोंब आणून, मग वाळवून व भाजून घेतात. त्याला माल्ट म्हणतात. त्याच्यापासून गोडवा आणि खमंगपणा येतो. दुसरा घटक हॉप. ही एक वेल आहे. तिच्या शंकूसारख्या फुलांत पिवळी भुकटी असते, तीत कडवटपणा व सुगंध दोन्ही असतात. आपल्या देशात हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात हिची लागवड झालेली आहे. तिसरा घटक यीस्ट, म्हणजे आंबवणारे किण्व, आणि चौथे पाणी. बव्हेरियात 1516 साली निघालेल्या प्रसिद्ध हुकमात जव, हॉप आणि पाणी एवढ्यांचेच नाव आहे. किण्वाचे काम तेव्हा चालत असले तरी ते कोणाला उमगले नव्हते.

बॉकचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात माल्टचा भरणा अधिक. साध्या बिअरमध्ये मद्यार्क शेकडा 5 च्या आसपास, तर बॉकमध्ये 6 ते 7 च्या घरात. म्हणून ती अंगाने दाट, चवीला गोडसर आणि चढायला जड. तिचाच एक उजळ प्रकार वसंतात काढतात, त्याला मे महिन्यावरून 'मायबॉक' म्हणतात. त्यात हॉपचे प्रमाण जरा वाढते आणि गोडाच्या मागून स्वच्छ कडवटपणा येतो. ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. वसंताच्या आरंभी, पाडव्याच्या सकाळी, आपणही कडुनिंबाच्या पाल्यात गूळ घालूनच खातो. नुसता पाला कोणी मागून घेत नाही आणि नुसत्या गुळाने पाडवा होत नाही.

अलीकडच्या काळात कारागिरीच्या लहान भट्ट्या जगभर निघाल्या. पुण्यात 2009 साली 'डूलॅली' ही अशी भट्टी सुरू झाली आणि पुढे पुण्या-मुंबईकडे आणखी पुष्कळ निघाल्या. या नव्या कारागिरांना हॉपचे वेड फार. त्यांनी जुन्या बॉकमध्येही हॉपचा हात सैल सोडला. 2007 साली बव्हेरियातील श्नायडर आणि न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन या दोन भट्ट्यांनी मिळून गव्हाच्या बॉकला भरपूर हॉप लावून एक बिअर काढली, तिचा बराच बोलबाला झाला. आता प्रश्न असा, की अशा हॉपदार बॉकचा न्याय करायचा कसा? माल्टची म्हणून जी ओळखली जाते, तिच्यात हॉपने किती बोलावे?

यासाठी अमेरिकेतील बिअर-परीक्षकांच्या संस्थेने, जी 1985 साली निघाली, 50 गुणांची एक पत्रिका रूढ केली आहे. तिची वाटणी अशी: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात जाणवणाऱ्या अंगाला 5 आणि एकंदर परिणामाला 10. या आकड्यांतच पुष्कळ शहाणपण आहे.

रूपाला 50 पैकी अवघे 3 गुण का? कारण डोळा जिभेला फसवतो. फ्रान्समधील बोर्दो येथे द्राक्षमद्याचे शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग 2001 साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनला नुसता तांबडा रंग दिला होता. रुचीत फरक नव्हता. तरी विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले! शिकलेल्यांची ही गत, मग आपल्यासारख्यांनी दुकानातील चकचकीत वेष्टनावर किती विसंबावे?

वास मात्र आधी घ्यायचा, आणि पेला येताच घ्यायचा, कारण सुगंधी तेले लवकर उडून जातात. पेला साबणाचा वास नसलेला हवा. पारख्याने झणझणीत सावजी रस्सा ओरपून येऊ नये आणि कपड्याला अत्तर लावून येऊ नये. बिअर बर्फासारखी थंडही नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांकडे चढतो, तेव्हा थंडगार हवेसे वाटणारच. पण थंडीने जीभ बधिर होते आणि दोष झाकले जातात. बॉकला 7 ते 10 अंश पुरे.

मग नाकाला काय सापडते ते लिहायचे. माल्टचा वास भाकरीच्या भाजलेल्या पापुद्र्यासारखा, कधी पावाच्या कडेसारखा. जर्मनीच्या जुन्या हॉपचा वास फुलांचा, झाडपाल्याचा. अमेरिकेच्या नव्या हॉपचा वास पुष्कळदा संत्र्याच्या सालीला नख लावल्यावर जो फवारा उडतो, तसा. हा शेवटचा वास ओळखायला वऱ्हाडातील माणसाला पुस्तक उघडावे लागणार नाही.

चवीकडे आलो, की भाषेची खरी परीक्षा होते. आपल्या परंपरेने सहा रस सांगितले आहेत. संस्कृतातला 'कटु' म्हणजे आपले तिखट, आणि 'तिक्त' म्हणजे आपले कडू. सहावा 'कषाय', म्हणजे तुरट. कडू आणि तुरट यांची गल्लत अनेक जण करतात. मेथीची भाजी कडवट असते, पण घास गिळल्यावर तोंड स्वच्छ होते. कच्चे केळे तुरट असते, ते जीभ आखडून टाकते. हॉपदार बॉकमध्ये मेथीसारखा कडवटपणा हवा. कच्च्या केळ्याचा तुरटपणा आला, तर समजावे की कुठेतरी चूक झाली आहे. दोषांचीही अशीच नावे आहेत: लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा शिळा वास. उजेडात राहिलेल्या बाटलीतील हॉप बिघडतो आणि त्याला उग्र दर्प येतो. घशात नुसती जळजळ झाली, तर मद्यार्क ओबडधोबड आहे असे मानावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बॉकला थंड कोठीत आठवडेच्या आठवडे मुरावे लागते. हॉपचा सुगंध मात्र दिवसागणिक उणा होत जातो. एकाला काळ हवा, दुसऱ्याला ताजेपणा. हॉप उकळत्या रसात लवकर टाकला तर कडवटपणा उतरतो पण सुगंध उडतो, उशिरा टाकला तर सुगंध राहतो. म्हणून चांगला कारागीर आधी माल्ट मुरू देतो आणि सुगंधाचा हॉप अगदी शेवटी घालतो. लबाड कारागीर निराळे करतो. त्याची बॉक मुरलेलीच नसते; ती उणीव झाकायला तो हॉप ओततो. शिळ्या वरणाला फोडणी जोरात द्यावी, तसे! तेव्हा पारख्याने मनातल्या मनात हॉपचा पडदा बाजूला सारावा आणि पाहावे, की मागे बॉक उभी आहे काय. असेल, तर हॉप कितीही बोलका असो, तो अलंकार होय. नसेल, तर पेय रुचकर असले तरी त्याने बॉक हे नाव लावू नये.

कोणी म्हणेल, नावाचा एवढा आग्रह कशाला? आम्ही म्हणतो, नाव हे गिऱ्हाइकाला दिलेले वचन आहे. गवई यमन म्हणून बसला, तर त्याने तानांत हवे तितके नवे करावे. पण श्रोत्याला यमन सापडला पाहिजे. नवे काढायला आमची मुळीच ना नाही. नव्याने नव्या नावाने यावे, म्हणजे त्याचाही न्याय नीट होईल.

या परीक्षकांची आणखी एक रीत आम्हांस फार मोलाची वाटते. प्रत्येकाने आपले गुण आणि त्यांची कारणे आधी कागदावर लिहायची, चर्चा त्यानंतर. लिहिण्याआधी कोणी बोलायचे नाही, तोंडावरही भाव आणायचा नाही. कारण मोठ्या आवाजाच्या एका माणसाने हे उत्तम म्हटले, की बाकीच्यांना तेच उत्तम लागू लागते. ही रीत आपल्या सभा-समित्यांनी उचलली, तर फार बिघडेल असे नाही. शिवाय परीक्षकापुढे येतो तो 60 ते 90 मिलिलिटरचा नमुना, भरलेला पेला नव्हे. ज्याला चढली, त्याची पारख गेली. म्हणजे या विद्येची पहिली अट संयम हीच आहे.

आता घराकडे वळू. आमच्या मेळघाटात मोह फुलतो. कोरकू समाजाच्या सणासमारंभांत मोहाच्या दारूला स्थान आहे, आणि ती चांगली कोणती, वाईट कोणती, हे तेथील जाणती माणसे सांगू शकतात. परंतु आपण शहरी मंडळींनी तिच्याबद्दल दोनच शब्द शिकलो: गुन्हा आणि नशा. तिच्या वासाचे, चवीचे, दोषांचे शब्द आपल्या ग्रंथांत उतरले नाहीत. शेजारच्या मध्य प्रदेशाने अलीकडे मोहाच्या दारूला वारशाचे मद्य म्हणून मान्यता दिली आहे. तसे आपण करावे की नाही, हा निराळा वाद आहे, आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी का लागली, हे विसरून तो करता येणार नाही. परंतु ज्या वस्तूचे वर्णनच आपल्याजवळ नाही, तिच्यावर बंदी घालणाऱ्याचे आणि ती विकणाऱ्याचे, दोघांचेही बोलणे अर्धवट राहते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. जीभ सर्वज्ञ नाही. 2015 साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते, आणि मिथेनॉल चवीने ओळखता येत नाही. तेथे पारखी काय करणार? तेथे प्रयोगशाळा हवी, जागा अधिकारी हवा आणि कायद्याचा हात हवा. चवीची पारख वस्तू खरी की भेसळीची हे काही अंशी सांगेल. ती जीव वाचवील अशा भ्रमात कोणी राहू नये.

मग ज्याला या पेयाला आयुष्यात शिवायचे नाही, त्याने या व्याख्यानातून काय न्यावे? त्याने रीत न्यावी. बाजारातील तूप, तेल, दूध, चहा, संत्री, सगळ्यांनाच ती लागू आहे. आधी वस्तूचे नाव पाहावे, म्हणजे तिने काय वचन दिले ते कळेल. मग वेष्टनाला 50 पैकी 3 गुण द्यावेत. मग नाक आणि जीभ काय सांगतात ते आपल्या शब्दांत लिहावे, आणि शेजाऱ्याचे मत त्यानंतर विचारावे. मराठीत खमंग, खरपूस, करपट, कुबट, आंबूस, तुरट, कडसर असे शब्द आजीच्या स्वयंपाकघरातून आपल्याला आयते मिळालेले आहेत. ते वापरात ठेवले नाहीत, तर उद्या आपली मुले प्रत्येक पदार्थाला 'छान' किंवा 'बेकार' एवढेच म्हणतील, आणि विकणाऱ्याला तेवढेच हवे असते.