कॉफीची सावली आणि सावलीची माती

महाराष्ट्रांत कॉफी पिकते असें कोणी सांगितलें तर आम्हां पुणेकरांस ती प्रथम थट्टाच वाटते. स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत कॉफी घेणारे पुष्कळ. पण ती येते दक्षिणेकडून, कूर्ग आणि चिकमगळूरकडून, अशीच सर्वांची समजूत, आणि पेल्यापुरती ती खरीहि आहे. देशांतील कॉफीपैकीं सुमारें ७० टक्के एकट्या कर्नाटकांत होते. तरीहि वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्यांतील चिखलदऱ्यास, ब्रिटिश अमदानींत आलेली कॉफी अजून टिकून आहे. सुमारें ११०० मीटर उंचीचें हें ठिकाण. खालीं वऱ्हाडचें ऊन पोळत असतां वर वृक्षांच्या सावलींत कॉफीचीं झुडपें उभीं असतात. त्या सावलीविषयीं, आणि विशेषतः तिच्या खालच्या मातीविषयीं, श्रोत्यांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

अरेबिका जातीची कॉफी मूळची इथिओपियाच्या डोंगराळ अरण्यांतली. मोठ्या वृक्षांच्या आश्रयानें वाढणें हा तिचा कुलधर्मच म्हणावयाचा. सतराव्या शतकांत बाबा बुदन नांवाच्या साधुपुरुषानें येमेनहून बीं आणून चिकमगळूरच्या डोंगरांत पेरलें, असें परंपरा सांगते. पुढें तेथील मळेवाल्यांनीं फणस, उंबर, पांगारा अशा वृक्षांखालीं लागवड केली, ती कांहीं उगाच नव्हे.

कॉफीचीं अन्न शोषणारीं बहुतेक मुळें वरच्या फूटभर मातींतच पसरलेलीं असतात. हा वरचा थर गेला कीं झुडुपाची शिदोरी गेली. वृक्षाचीं मुळें खोल जातात, तेथील क्षार वर आणतात, आणि पानगळीबरोबर तेच क्षार भूमीवर पडतात. पांगारा तर शेंगवर्गीय. त्याच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जीव हवेंतला नत्र मातीस देतात. पानांच्या थरामुळें पावसाच्या थेंबांचा मारा बोथट होतो, उन्हाळ्यांत ओल टिकते, गांडुळें जगतात. आपल्या पेठांतून मात्र हींच पानें झाडून, ढीग करून, काडी लावण्याची चाल अजून गेलेली नाहीं. धुरानें खोकणारा गृहस्थ आपलेंच खत जाळीत असतो, हें त्यास कोण सांगणार!

सावली काढली तर काय होतें, ह्याचें उदाहरण ब्राझिलनें दिलें आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथील पाराइबा नदीच्या खोऱ्यांत अरण्य तोडून उघड्या उतारांवर कॉफी लावली. प्रथम पीक अमाप आलें. पुढें माती वाहून गेली, जमीन निःसत्त्व झाली, आणि कॉफीनें साव पावलोच्या नव्या भूमीकडे मुक्काम हलविला. ब्राझिलजवळ हलवावयास जागा होती. चिखलद्याच्या पठारास, किंवा एखाद्या लहान शेतकऱ्यास, दुसरी जागा कोठून मिळणार?

मोह मात्र सर्वत्र सारखाच. सावली विरळ केली कीं पहिलीं कांहीं वर्षें फळ वाढतें. मग झुडूप अतिभारानें थकतें, फांद्या शेंड्याकडून वाळूं लागतात, आणि उन्हांत तापलेल्या खोडावर खोडकिड्याचा उपद्रव वाढतो. उत्पन्न राखण्यासाठीं अमोनियायुक्त खतें वाढवावीं, तर माती आंबट होत जाते. कूर्गकडे देशी वृक्षांच्या जागीं ऑस्ट्रेलियांतून आलेला सिल्व्हर ओक पुष्कळ लावला गेला. तो झपाट्यानें वाढतो, त्यावर मिरीचा वेल सरळ चढतो, आणि लाकूड विकण्यास अडचण कमी. मळेवाल्याचा हिशेब खोटा नाहीं. पण ह्या झाडाचें पान सावकाश कुजतें, आणि पांगाऱ्याप्रमाणें तें नत्रहि देत नाहीं. मळाभर एकाच जातीचें झाड, ही सावली मला अर्धीच वाटते.

उलट, गर्द सावलीहि बरी नव्हे. दमटपणानें पानांवर रोग बळावतात आणि फुलोरा कमी येतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशीं वृक्षांच्या फांद्या छाटून उजेड आंत घेतात. छाटलेला पाला मळ्यांतच राहूं द्यावा. उतारावर आडवे, तुटक चर खणले तर वाहणारी माती, पाणी आणि पाला तेथेंच अडून राहतात.

चिखलदऱ्यास किंवा सह्याद्रीच्या एखाद्या उतारावर कॉफी लावूं इच्छिणारानें रोपांची चौकशी करण्याआधीं कुदळ घ्यावी. एप्रिलमध्यें, वळवाचा पाऊस पडण्यापूर्वीं, जुन्या झाडाखालीं एक वीत आणि उघड्या माळावर एक वीत खणून दोन्ही माती हातांत चुरून पाहाव्या. रंग, ओल आणि गांडुळें डोळ्यांनींच दिसतील. नंतर दोन्ही नमुने जिल्ह्याच्या मृद्‌परीक्षण प्रयोगशाळेंत द्यावे. कॉफीस सामू ६ ते ६.५ च्या आसपास मानवतो. त्याहून बराच खालीं असल्यास चुना किती घालावा तें तेथें सांगतात. चुना आणि अमोनियायुक्त खत मात्र एकाच वेळीं टाकूं नये, नाहींतर नत्र हवेंत उडून जातो. दोहोंमध्यें कांहीं आठवड्यांचें अंतर ठेवावें.