पणजीचा काडीमोड कुठे सापडेल?

घराण्याचा इतिहास लिहिताना अनेकांची लेखणी एका जागी अडते. पणजीचं आधीचं लग्न मोडलं होतं एवढं घरात माहीत असतं, कागद मात्र हाती नसतो.

आपल्या कोल्हापूर भागातल्या अनेक जातींत काडीमोडाची रूढी जुनी. जातपंचायतीसमोर सोडचिठ्ठी, म्हणजेच फारकत, लिहून दिली जाई. असा कागद कोर्टात न जाता घरीच राही. म्हणून सुरुवात घरच्या ट्रंकेपासून, जुन्या दस्तांच्या गाठोड्यापासून करा. मोडी लिपीतला कागद निरुपयोगी समजून टाकू नका. मोडी वाचणारे जाणकार कोल्हापुरात आहेत.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला आणि पुढे काडीमोडाचाही कायदा केला. त्यामुळे संस्थानकाळाचा शोध कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, करवीर दरबारच्या दप्तरांत घ्यावा. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा आला. त्यानंतरच्या हुकूमनाम्यांसाठी जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयात नकलेचा अर्ज करावा. मात्र या कायद्यानेही रूढीचा काडीमोड कायम ठेवला, म्हणून कोर्टात नोंद नाही याचा अर्थ काडीमोड झालाच नाही, असा नव्हे.

शोधाला जाताना पणजीचं माहेरचं नाव, दोन्ही गावं आणि अंदाजे साल लिहून न्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ही माहिती आजच विचारा.